सौरवच्या सभेत मी बोलले ते

रविवार, ९ नोव्हेंबर २०२५

काय करून बसले मी!

आज सौरवची शोकसभा होती, नागपुरात मिहानजवळच्या हॉलमध्ये. हार्ट अटॅक. चाळिशीही गाठली नव्हती त्यानं. आमचा फोनवरचा मराठी कीबोर्ड – फुकट, कोणीही वापरा, कोणीही सुधारा – आम्ही सगळे नोकऱ्या सांभाळून बनवतो. म्हणजे सौरव बनवायचा, आणि आम्हाला शिकवायचा.

सूत्रसंचालक म्हणाला, "यात आपले वऱ्हाडी शब्द आणायची कल्पना ज्यांची, त्या दामिनीताई!"

कल्पना सौरवची. कामही त्याचंच. माझं नाव त्यानंच टाकलं होतं. तेव्हा मी म्हटलं होतं, अरे, हे तुझं आहे. "राहू दे वं," म्हणाला.

आज माइकवर एवढंच सांगायचं होतं. आणि सांगितलं काय? – माझी आजी फोनवर 'काहून नाही आला', म्हणजे का नाही आला, असं लिहायची, फोन त्याचं 'काढून नाही आला' करायचा, तिचा हिरमुसलेला चेहरा बघून मला सुचलं! आपोआप निघत गेलं तोंडातून. लोकांनी डोळे पुसले.

माझी आजी साताऱ्याची. जन्मात कधी 'काहून' म्हणाली नाही.

ही गोष्ट सौरवच्या आईची. आणि त्या, कौशल्याकाकू, पहिल्या रांगेत होत्या. त्यांनीही टाळ्या वाजवल्या.

सोमवार, १०

ऑफिसमध्ये एकीनं विचारलं, "आजी आहेत का अजून?" नाही म्हटलं. निदान हे तरी खरं.

बुधवार, १२

सभेचा व्हिडिओ फिरून राहिलाय. आईचा फोन – "आजीनं कधी वापरला गं फोन?" रेंज नाही म्हणून कट केला. आईशीसुद्धा खोटं!

नवीन होते तेव्हाचं आठवतंय. माझ्या एका चुकीनं लोकांचा कीबोर्ड उघडेचना. नुसत्या शिव्या! सौरवनं ग्रुपवर लिहिलं, "तपासायचं माझ्याकडून राहिलं." मग मला फोन – "जेवली का? जेवून घे आधी. मग दोघं मिळून पाहू." पुढे कधी त्याबद्दल शब्दही काढला नाही.

आणि मी त्याची आई चोरली.

शनिवार, १५

काटोलला सौरवच्या घरी जाऊन आले. बसमध्ये दोनदा वाटलं, उतरावं आणि परतावं.

काकू अंगणात संत्री निवडत बसल्या होत्या. मी उभ्या उभ्याच म्हटलं, "काकू, सभेतली ती गोष्ट माझी नव्हती."

"मले माहीत हाय ना वं. माहीच होती ते." हात थांबला नाही त्यांचा.

"मग टाळ्या काहून वाजवल्या?"

"तू थरथरून राहिली होती तिथं. म्या वाजवल्या नसत्या त पडली असती." मग बाजूला सरकल्या. "बस. तो कीबोर्ड बंद पडला होता ना, तवा तू सोडून जाऊन राहिली होती. सौरव सांगे मले."

मी कोणालाच बोलले नव्हते! निरोपाचा मेसेज लिहून ठेवला होता, पाठवला नव्हता. त्याला कसं कळलं?

"म्हणे, आई, तुह्या गोष्टीवरून केलेलं काम तिच्या नावानं करतो. नाव असलं का माणूस थांबते. म्या म्हटलं, कर बाप्पा. मले काय नाव पाह्यजे!"

मी थांबले. खरंच थांबले त्या नावामुळे. आणि मला वाटत होतं, माझ्यात काहीतरी दिसलं त्याला.

रडले. त्या नाही रडल्या. निघताना पिशवीभर संत्री दिली. नको म्हणायलाही तोंड नव्हतं.

रविवार, १६

ग्रुपवर सगळं लिहिलं. कल्पना त्याची, काम त्याचं, आजीची गोष्ट खोटी. पाठवलं आणि फोन उलटा ठेवला.

सोमवार, १७

पियुषचा फोन. बोलून टाइप करायची सोय आमच्याकडे त्याच्या नावावर आहे, सगळे त्याला मानतात. आधी इकडचं तिकडचं बोलला. मग – "ताई, माझंही सौरवदादानंच केलं होतं." दुपारी वैभवी – "माझंही." संध्याकाळपर्यंत आणखी तिघं.

पियुषनं पुन्हा फोन केला. "ताई, मले ते काम अजूनही येत नाही. आता कोणाले विचारू?"

मलाही येत नाही, म्हटलं. रविवारी घरी ये. मिळून पाहू.