तांब्याचा डोळा

बाळकुम, पौष वद्य ४, शके १८११

ती. स्व. नाथादाजी यांस गोविंदाचा शि. सा. न. वि. वि. आम्ही सर्व खुशाल आहोत. मिठागरात मीठ धरू लागले आहे. हे पत्र मात्र तांब्यासाठी आहे. लग्न होऊन तिकडे येताना तुळसाताईने आपला कुत्रा माझ्या हवाली केला, म्हणून तिला आधी खाली बसवावे व मग वाचून दाखवावे.

त्याचा डावा डोळा सारखा गळतो. उन्हात मिटून घेतो, पंजाने चोळतो. आपल्या पायांना चिरा पडल्या की मिठागराच्या पाण्याने भरतात, म्हणून मी तेच पाणी फडक्यातून गाळून सकाळ-संध्याकाळ त्याच्या डोळ्यात घालतो. हयगय केलेली नाही. तरी आज बुबुळावर निळसर ढग दिसला. आबा म्हणतात, कानशिलावर डाग दिल्याशिवाय हे उतरायचे नाही. त्यांनी कोलशेतच्या डाग देणाऱ्यास अमावास्येला बोलावले आहे. तापलेली सळई डोळ्याच्या इतकी जवळ! मला अन्न गोड लागत नाही. आपण घोड्यांच्या डॉक्टरापाशी कामाला आहात, त्यांस विचारून लौकर लिहावे. लोभ आहेच, तो तांब्यावरही असावा.

आज्ञाधारक
गोविंदा

कल्याण, पौष वद्य ८

चि. गोविंदास नाथाचे अनेक आशीर्वाद. वि. वि. तुझी ताई पत्राच्या निम्म्यापर्यंत बसली, मग उठून उभी राहिली. पुढचे तिच्या तोंडचे आहे, माझ्यावर रागावू नकोस. ती म्हणते, मेल्या, खारवायला डोळा म्हणजे काय मासळी आहे? आणि आबांना सांग म्हणते, तांब्याला डाग द्यायचा तर आधी कल्याणास येऊन मला द्यावा.

डॉक्टरसाहेब म्हणाले, एकच डोळा गळतो तर आत काहीतरी अडकले असेल. मिठागराचे पाणी आजच बंद कर. साधे पाणी उकळून निवव, त्यात चिमूटभर मीठ टाक. चाखल्यावर आसवांइतकेच खारट लागावे. त्याने डोळा भरपूर धू. कुत्र्यामांजरांना नाकाकडच्या कोपऱ्यात आणखी एक पापणी असते. ती वर आली की लोक रोग समजून कापतात, तसे करू नये; तिच्या मागे मात्र पाहावे. डोके कोणीतरी घट्ट धरावे. मग त्याला सावलीत बांध, पंजांना फडकी गुंडाळ. डाग मुळीच नको. काळजी करून वाळू नकोस. ताईला तुम्ही दोघेही धडधाकट हवे आहात.

नाथा

बाळकुम, माघ शुद्ध १०

ती. स्व. नाथादाजी व सौ. ताई यांस शि. सा. न. वि. वि. डोके धरायला आबांशिवाय कोणी नव्हते. ते म्हणाले, घोड्याच्या डॉक्टराला कुत्र्याचे काय कळणार. पण ताईचा निरोप वाचून दाखवला, तेव्हा मुकाट्याने मांडी घालून बसले. पाणी घातले, पापणी सरकवली, तो मागे बांधावरच्या गवताचे कुसळ! ओल्या फडक्याच्या टोकाने ओढले. तांब्या ओरडला, त्याहून मोठ्याने आबा. डाग देणारा अमावास्येला आला, त्यास टोपलीभर मीठ देऊन आबांनी वाटेला लावले. म्हणाले, लेकीची परवानगी नाही.

गळणे थांबले, पण बुबुळावर पांढरे फूल राहिले आहे. माझ्या पाण्याने ते वाढले का, हे डॉक्टरसाहेबांस विचारावे व खरे तेच कळवावे. त्या बाजूने कोणी आले तर तांब्यास दिसत नाही. आबा म्हणतात, असा कुत्रा राखणीला काय कामाचा. मात्र संध्याकाळी तो मिठाच्या राशीपाशी बसला की आबा येऊन त्याच्या डाव्या अंगास बसतात. आताही त्यांचे पान वाढून झाले आहे, पण तिकडून मलाच हाका मारीत आहेत, की तू येऊन इथे बस, मग मी उठतो. म्हणून येथेच आटोपतो. माया आहे तशीच ठेवावी.

आपला
गोविंदा