बर्फाच्या मुलखात काढा गार करणे

१२ जानेवारी, रविवार
आठ मार्चला सिग्नेचं लग्न. ख्रिसमसच्या जेवणात सर्वांसमक्ष शब्द दिलाय : लेकीच्या लग्नात बिअर बापाच्या हातची. सिग्ने म्हणाली, बघू, बाबा. म्हणजे ठरलं.

काम सोपं. जवाचा काढा उकळायचा, झटपट गार करायचा, यीस्ट घालायचं. गार व्हायला वेळ लागला तर नासतो. त्यासाठी लोक आतून थंड पाणी खेळवायची तांब्याची वेटोळी नळी विकत घेतात. मिनेसोटात, जानेवारीत! अंगणात कमरेएवढं बर्फ पडलंय. पातेलं त्यात खुपसायचं. संपलं.

१८ जानेवारी, संध्याकाळ
खुपसलं. पातेल्याभोवतीचं बर्फ वितळून छान पोकळी झाली. पातेलं आत उबेला बसलंय. मार्लिस म्हणाली, अस्वलं हिवाळा असाच काढतात. बायकोला विज्ञानात रस नाही.

२५ जानेवारी
नासला. वास किरकोळ. मार्लिसच्या मते किरकोळ नाही. ती माहेरी जेवायला गेली.

९ फेब्रुवारी
बर्फ नको, नुसता वारा. पातेलं बाहेर अंगणातल्या ओट्यावर उघडं ठेवलं. फुटबॉलची फायनल बघायला बसलो. सामना चुरशीचा झाला.
काढा दगड झाला. पळी आत उभी आहे, निघत नाही.

१५ फेब्रुवारी
उत्तर सापडलं. तळं! मेहुणा आर्लो गोठलेल्या तळ्यावर खोपट टाकून, बर्फाला भोक पाडून मासे धरतो. काढा स्टीलच्या पिंपात बंद करायचा, दोराने भोकातून खाली सोडायचा. आर्लो म्हणाला, दाजी, पिंप भरलं की जड होतं हो. त्याला म्हटलं, तू गळ सांभाळ.

१६ फेब्रुवारी
दोर बाकाच्या पायाला बांधला, बाकावर आम्ही दोघे. आर्लोच्या गळाला मोठा मासा लागला. दोघेही उठलो. बाक हलका झाला. आधी बाकाचा पाय निखळला, मग पिंप भोकातून तळाला गेलं, मागोमाग दोर.
काढा गार झालाच असणार. पद्धत सिद्ध झाली.
आर्लो म्हणाला, दाजी, आता मासे गातील. तिकडून घरी येईपर्यंत हसत होता.

२२ फेब्रुवारी
ऊन. अंगणात चिखल. तळ्यावर पाय ठेवू नका म्हणून रेडिओवर सांगतात. शेवटी नळी विकत आणली. दुकानदार म्हणाला, आज बिअर बनवली तर मार्चअखेर प्याल. मार्लिस म्हणाली, सिग्नेला सांग. सांगतो. नीट शब्द जुळवून.

१ मार्च, सकाळ
फोन केला. हवामानापासून सुरुवात केली. सिग्नेने मध्येच तोडलं. बाबा, बिअर मी ऑक्टोबरातच सांगून ठेवलीय. तुम्ही फक्त सूट घालून या.
विचारलं, ऑक्टोबरात कशी? मी शब्द दिला डिसेंबरात.
म्हणाली, तुम्ही देणार हे ठाऊक होतं ना.
मी बरं म्हणालो.

दुपारी सूट चढवून पाहिला. पोटावर बटण लागत नाही. आठवडा आहे अजून.