दोन हाका

३ जानेवारी

ती. बाबांस धाकटीचा साष्टांग नमस्कार, वि. वि.

आम्ही दोघी दवाखान्यातून सुखरूप घरी आलो. तुमची नात नाकीडोळी अजून कुणासारखीच नाही. रडते मात्र तुमच्यासारखी, आधी भुवया वर करून.

आता काळजीचं. नाव गेलेल्या आईचंच ठेवायचं, त्यात विचारायचं काय, असं तुम्ही लिहिलंत. माझ्याही मनात तेच होतं. पण सासूबाईंच्या मनात त्यांच्या मुलीचं नाव आहे. ह्यांची ती बहीण लहानपणीच तापाने गेली. मला त्या काही बोलल्या नाहीत, दुपट्याच्या कोपऱ्यावर त्यांच्या लिपीत ते नाव शिवून मोकळ्या झाल्या. अर्थ विचारला तेव्हा कळलं.

दोन्ही नावं जोडावीत, असं ह्यांना वाटलं. पण आईचं नाव सासूबाईंच्या जिभेवर मोडतं आणि त्यांच्या मुलीच्या नावातलं मधलं अक्षर आपल्याकडे नाहीच. जोडून म्हटल्यावर लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकल्यासारखं वाटतं, असं हेच म्हणाले, लिफ्ट-मेकॅनिक ना शेवटी. आधी हसलो, मग कडाडून भांडलो. तेव्हापासून घरात तिला सगळे नुसतं 'बाळ' म्हणतात. काय करू, ते सांगा.

तुमच्या मायेची हक्काची,
धाकटी

१२ जानेवारी

चि. धाकटीस अनेक आशीर्वाद.

पत्र वाचलं आणि घास गोड लागेना. तू दुसऱ्या भाषेच्या, दुसऱ्या माणसांच्या घरात लग्न केलंस, तेव्हा चार लोकांना तोंड मी दिलं. तुला अवाक्षर बोललो नाही. आता एकच गोष्ट मागतोय, तर तिच्यातही वाटणी?

विहीणबाईंचं दुःख मोठं, कबूल. पण पोरीला आडनाव त्यांचं, बोली त्यांची, घर त्यांचं. मग आपलं तिच्यात उरणार काय? निदान हाक तरी आपली असू दे. मी हट्टाला पेटलोय, असं तुझी ताई म्हणते. पेटलोय. काल दुकानात एका गिऱ्हाइकाच्या पुस्तकाला पुठ्ठा उलटा चिकटवला, इतकं डोकं ठिकाणावर नाही.

दुसरंच नाव ठेवणार असाल तर मी बारशाला येऊन काय करू? आशीर्वाद काय, लांबूनही पोचतात. शब्द कडू आहेत, पण माणूस तुझाच आहे, हे विसरू नकोस.

बाबा

२६ जानेवारी

ती. बाबांस साष्टांग नमस्कार.

उत्तराला उशीर झाला. बाळाला कावीळ झाली होती. आता उतरली आहे, म्हणून लिहिते.

दवाखान्यात डोळ्यांवर पट्टी बांधून तिला काचेच्या पेटीत निळ्या दिव्याखाली ठेवलं होतं. मनगटावर नावाची पट्टी, त्यावर फक्त माझं नाव आणि पुढे 'ची मुलगी'. मी चहा प्यायला बाहेर गेले होते. परत आले तर सासूबाई पेटीच्या गोल झरोक्याला तोंड लावून हाका मारत होत्या. त्यांच्या मुलीच्या नावाने. बाबा, माझ्या अंगावर काटा आला. मी त्यांना हात धरून मागे ओढलं आणि ओरडले की ही ती नाही, ही माझी आहे. शब्द माझ्या भाषेतले होते, पण कळायचं ते कळलं. त्या मटकन बाकावर बसल्या.

नंतर ह्यांनी त्यांचं म्हणणं मला सांगितलं. ही ती नाही हे त्यांना ठाऊक आहे. पण ती गेल्यापासून त्या नावाने हाक मारायला घरात कुणी उरलं नाही, म्हणून राहवलं नाही, असं त्या म्हणाल्या. त्यांना दोष कसा देऊ? कारण आदल्या दिवशी मीही त्याच झरोक्यातून तिला आईच्या नावाने हाक मारली होती.

पोरगी एवढीशी, आणि आम्ही तिच्या अंगावर दोन गेलेली माणसं पांघरत होतो. म्हणून आम्ही दोघांनी ठरवलं, तिचं नाव तिचंच असेल. दोन्ही भाषांत सहज म्हणता येतं आणि दोन्ही घरांत आजवर कुणाचंच नव्हतं. इथे मुद्दाम लिहीत नाही. नुसतं वाचून तुम्ही नाक मुरडाल. तिला बघा, मग ऐका. सासूबाई अजून माझ्याशी बोलत नाहीत. तुम्हीही रागावणार असाल तर इथे येऊन रागवा.

वाट पाहणारी,
धाकटी

२० फेब्रुवारी

चि. धाकटीस आशीर्वाद.

सुखरूप घरी पोचलो. तुमच्याकडे असताना जे सांगायचं राहिलं, ते लिहितो.

तुम्ही दोघं बाळाचं वजन करायला गेलात तेव्हा विहीणबाई आणि मी समोरासमोर बसलो होतो. बोलणार काय? त्या पडद्याची किनार उसवत होत्या, मी खिडकीबाहेर बघत होतो. शेवटी मी दुपट्याच्या कोपऱ्यावरच्या त्या शिवलेल्या अक्षरांवर बोट ठेवलं. त्यांनी नाव म्हटलं. मी म्हणून पाहिलं, चुकलं. त्यांनी पुन्हा सांगितलं. मधलं अक्षर घशातून काढायचं असतं, ते काही मला जमेना. तीन-चारदा म्हणवून घेतलं त्यांनी, मास्तरीणबाईसारखं. मग माझ्याकडे बोट केलं.

तुझ्या आईचं नाव ती गेल्यापासून मी परक्यासमोर उच्चारलं नव्हतं. म्हटलं. त्यांनी ते मोडतोड करून म्हटलं. मी दुरुस्त केलं. त्यांनी परत म्हटलं, या वेळी नीट. मला चष्मा पुसावा लागला, त्यांचेही डोळे भरले होते. जिना चढताना तुमचा आवाज आला तसे आम्ही गप्प झालो.

त्या तुझ्याशी बोलू लागल्या की नाही, ते कळव. नसतील तर तू आधी बोल, लहान आहेस. नातीचं नाव मला अजून आवडलेलं नाही. येताना बसमध्ये पुटपुटून सवय करत होतो, शेजारचा माणूस सरकून बसला. पुढच्या खेपेला चुकून भलतीच हाक तोंडातून गेली, तर ओरडू नकोस, नुसती तिला माझ्या मांडीवर दे.

तुम्हा सगळ्यांचा,
बाबा