राहेलमावशींची जागा

तीर्थरूप आईस,
प्रभूच्या नावात अमोसचा सलाम. फोनवर तुला नीट ऐकू येत नाही, म्हणून लिहितोय. तब्येत उत्तम आहे, जेवण वेळेवर होतं. डोकं मात्र तापलंय.

ईस्टरच्या उपासनेचा व्हिडिओ काढायचा होता. मी तयार केलेल्या गायकांत राहेलमावशी पहिल्या रांगेत होत्या. आमच्या चर्चचे पंच जेकबराव माझ्या कानाशी आले. "सर, तोंडावर कोड हाय त्यांच्या. मागं उभं करा, जगभर बघत्यात लोक."

मी पेटी बंद केली. म्हटलं, "मग मीही वाजवत नाही."

मावशींनी ऐकलंच होतं. "सर, तुमी वाजवा. कुठं उभं ऱ्हायाचं ते माझं मी बघते," म्हणाल्या आणि थेट कॅमेऱ्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. आई, काय गायल्या!

काल व्हिडिओ इंटरनेटवर आला. त्यांच्या कडव्याला आवाज त्यांचा आणि चित्र फुलदाणीचं! बघून मावशी नुसत्या "असू दे" म्हणाल्या. मला नाही असू देववत. लग्न असो, मयत असो, या मंडळीसाठी मी पेटी उचलून धावतो. ज्या प्रभूनं कुष्ठरोग्यांना हात लावला, त्याच्या नावानं हे असलं?

तुझे गुडघे कसे आहेत? मलकापुरातल्या पोरी गायला येतात का अजून तुझ्याकडे?

आणि काळजी करू नको. मी जेकबरावांना सांगितलंय, एक तर तो व्हिडिओ काढा, नाहीतर मला काढा. अजून तरी तो व्हिडिओ आणि मी, दोघंही जागेवर आहोत.

तुझा तापट लेक,
अमोस
विश्रामबाग, सांगली