शेजाऱ्याची काठावरची ओळ

३ फेब्रुवारी, मंगळवार
आज ठाण्याच्या ऑफिसात आकांक्षाची आरती. दापोड्याच्या गोडाऊनमध्ये आग लागली तर कशी पसरेल, हा आमचा प्रोग्राम. एक रन पूर्ण व्हायला रात्र जायची, हिने जेवणाच्या सुट्टीआधी संपवून दाखवला. सर सगळ्यांसमोर म्हणाले, "प्रशांत, शिक जरा. नवीन मुलगी आहे." दोन वर्षं हा कोड मी लिहिला, तेव्हा टाळी सोडा, कुणी चहासुद्धा विचारला नाही.
नाव पूर्ण लिहायला माझी शाई उतू चाललेली नाही. यापुढे आ.
घरी धाकट्या बहिणीला, योगिताला सांगितलं. ती त्याच गोडाऊनमध्ये वरच्या माळ्यावर पॅकिंगला. खूश झाली. "आमचं गोडाऊन तुझ्या कॉम्प्युटरमंदी हाय? मी पन दिसते का रं दादा?"

५ फेब्रु., गुरुवार
सापडलं!!
आ.च्या रनचं चित्र मोठं करून बघत होतो. आग येते, आणि एका सरळ रेषेवर थबकते. थोड्या वेळाने पुढे. परत पुढच्या रेषेवर तेच. आग कधी फूटपट्टी घेऊन चालते का?
कोड उघडला. गोडाऊनची सगळी उष्णता एका अवाढव्य मॅट्रिक्समध्ये, म्हणजे आकड्यांच्या तक्त्यात. तिचे पट्टे करून एकेका प्रोसेसरला एकेक दिलेला. गणिताच्या दर फेरीला प्रत्येकाने शेजाऱ्याची काठावरची ओळ नव्याने मागून घ्यायची, नाहीतर शेजारी काय पेटलंय ते त्याला कळणार कसं. मॅडमनी हे मागणं दर दहा फेऱ्यांनी केलं. म्हणून वेग! शेजार जळतोय आणि हे साहेब शिळी, थंड ओळ घेऊन बसलेत.
दोन ओळींची दुरुस्ती. सांगणार नाही. सोळा तारखेला गोडाऊनचा मॅनेजर ऑफिसात येतोय, सादरीकरण आहे. तिथे, सगळ्यांसमोर. टाळ्या वाजवणाऱ्यांनाही जरा बघू दे. आज बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवलो.

९ फेब्रु., सोमवार
आ. स्वतःच आली टेबलाशी. "प्रशांतदादा, एकदा पट्ट्यांच्या काठाचं बघाल का? लहान टेस्टला एकच पट्टा होता, त्यामुळे मला खात्री वाटत नाहीये."
मी चित्र पाहिल्यासारखं केलं. "एकदम बरोबर आहे. जाऊ दे पुढे."
चेहरा काय उजळला तिचा. सरांना जाऊन म्हणाली, दादांनी तपासलंय. सरांनी कच्चा रिपोर्ट लगेच गोडाऊनवाल्यांना पाठवूनही दिला. जाऊ दे. जितकं वर चढेल तितकं

(राहिलं. आईने हाक मारली.)

१२ फेब्रु., गुरुवार
घरात पेढे. योगिता तिच्या माळ्याची फायर मार्शल झाली. पिवळं जाकीट, गळ्यात शिट्टी. आई आमच्या राहनाळ गावभर सांगून आली, पोरगी साहेब झाली म्हणून.
मी चिडवलं, "ट्रॅफिक हवालदार दिसतेस."
"हस तू. आग लागली तं सगल्या पोरींना जिन्यावरून खाली काढायचं, मोजायचं, न मी सगल्यांच्या शेवटी निघायचं."
पेढा खाल्ला. शिट्टी वाजवून कान किटवले तिने.

१६ फेब्रु., सोमवार
दुपारी केलं. सगळ्यांसमोर उभा राहिलो, आ.चं चित्र पडद्यावर मोठं केलं आणि विचारलं, "मॅडम, ही आग रेषेवर थांबून कुणाची परवानगी घेते?" दोघेतिघे हसले. मग दहा फेऱ्यांचं सगळं उलगडून सांगितलं. छान बोललो मी. खरंच छान बोललो.
आ. रडेल असं वाटलं होतं. रडली नाही. म्हणाली, "मी नऊ तारखेला तुम्हाला हेच विचारलं होतं."
गोडाऊनचा मॅनेजर घाम पुसत म्हणाला, "पर ऊपर का पीछेवाला दरवाजा तो बंद कर दिया हमने. आपके रिपोर्ट में लिखा था, एक जीना काफी है. ईंट लग गई, रॅक भी लग गए. अब माल उतारूं क्या?"
कधी बंद केला, मी विचारलं. दहा तारखेला.
मला वाटलं होतं सादरीकरणापर्यंत कोण काय करणार.
सर त्याला म्हणाले, हे सगळे अंदाजच असतात, रिपोर्ट आहे तसाच राहील. मला केबिनमध्ये घेऊन: "तपासणारा म्हणून तुझं नाव आहे त्यावर. आता तोंड उघडलंस तर आधी तूच जाशील."

१८ फेब्रु., बुधवार
त्या दोन ओळी दुरुस्त करून सकाळीच रन टाकला. ऑफिस सुटताना निकाल.
जिन्याच्या तोंडाशी धग पोचते तेव्हा माळ्यावरच्या निम्म्या पोरी अजून वरच. जुन्या चित्रात सगळ्या खाली उतरलेल्या असतात.
चित्रातले चौकोन मोजत बसलो. शेवटचा माणूस कुठे असेल ते बोटाने बघितलं. मग लॅपटॉप मिटला.
सरांना दाखवलं. म्हणाले, "थोडे दिवस रजा घे."

२० फेब्रु., शुक्रवार
मॅनेजरला काल दोन्ही चित्रं पाठवली. बघितली त्याने. उत्तर नाही.
आज ड्युटीआधी योगिताला बसवून दाखवली. मागच्या दाराच्या जागेवर बोट ठेवलं तिने. तो दरवाजा बुजवताना गवंड्यांच्या वाटेतले खोके हिनेच बाजूला केले होते म्हणे.
म्हटलं, नोकरी सोड, आजच सोड.
"मी सोडली तं जाकीट दुसरीला घालतील. पोरी त्याच ऱ्हातील ना वर."
मग माझ्याकडे बघून, "तुला कवा कललं रं?"
"परवा," मी म्हणालो.
तोंडातून गेलं. परत घेता आलं असतं. घेतलं नाही.
तिचे डोळे भरले. "परवा कललं न सायबाला न घाबरता पाठवलंस पन. भाऊ असावा तं असा." माझ्या डोक्यावरून हात फिरवला तिने. लहान आहे माझ्याहून. असा हात आईने सुद्धा कधी फिरवला नाही.
उद्या सगळ्या पोरींना घेऊन मॅनेजरसमोर बसणार आहे, भिंत फोडेपर्यंत उठायचं नाही म्हणते. पण चित्र समजावून सांगणारं कुणी हवं. "तू नको, तुझी नोकरी जायची. जिनं पयलं बनवलं, ती पोरगी येल का? मी बोलते तिच्याशी. तिला इचारते, कसं झालं, कवा झालं, सगलं. नंबर दे."
आई दारात उभी होती. म्हणाली, "दे की रं, बघतोस काय."
नंबर दिला.
जाकीट घालून गेली. जेवणाच्या सुट्टीत फोन लावणार आहे.