कोरडा वाटा

पिंपळबोडी, ता. नागभीड
४ मे २०२५

अमरभाऊ,

नमस्कार. इथी आम्ही सारे बरे आहो, तूही बरा असशील. आता तू म्हणशील, हातात फोन असताना ही पोट्टी चिठ्ठी काऊन लिहून राह्यली? कारण तूच आहे. फोनवर मी दोन शब्द बोलली का तू म्हणतो, इंग्लिशमध्ये सांग. मी शब्द जुळवतपर्यंत तुही मीटिंग लागते. कागद कोणाले मधात टोकत नाई, म्हणून लिहून राह्यली.

आधी गावचं. तेंदूपत्त्याचा सीझन लागला. अर्धं गाव पहाटेच जंगलात जाते, वाघाच्या भेवानं टोळी करून. तलाव लय खाली गेला आहे, काठच्या पाळीवरून मधातली खुंटं दिसतात. आई बाजारात मासे घेऊन बसते, मरळ आली तं हाताहातात खपते. तुहा कुत्रा अजून तुह्या चपलेवर झोपते. ती चप्पल आईनं फेकू दिली नाई.

क्लासचं तू विचारशीलच. श्रीहरी सर गेल्या महिन्यापासून एकच क्रियापद घेऊन बसले आहेत, गेट. म्हणे, हे एकटं आलं का अर्धी इंग्रजी आली. त्याच्या बाजूले विशेषण ठेवा नाई तं नाम ठेवा, ते कोणासोबतही संसार करते. गेट अँग्री, गेट टायर्ड, गेट ओल्ड. मग गेट अ जॉब, गेट परमिशन, गेट अ चान्स. मी म्हटलं, हे तं आपल्या मच्छीमार सोसायटीच्या अध्यक्ष गुणवंतरावसारखं झालं, कोणाचंही लग्न असो, पहिल्या पंगतीत. पण तसंही नाई. गेट अ डिसिजन म्हटलं का सर टोकतात, तिथी मेक पायजे. गेट अ बाथ म्हटलं तं टेक पायजे. मी उभी राहून विचारलं, सर, कोणी कोणाच्या बाजूले बसाचं हे ठरवलं कोणं? सर म्हणाले, "नियम नाई बेटा. चालत आलं आहे."

माह्या डोक्यात तिडीकच गेली. हे 'चालत आलं आहे' मी गावात रोज ऐकते. बसमध्ये लटकत तालुक्याले जाऊन तिथीही तेच ऐकाचं?

आपल्या बोलीत पाह्य, राग येते, भूक लागते, म्हातारपण येते. आपण जागच्या जागी असतो अन् सारं आपल्यावर येऊन पडते. इंग्रजीत माणूस सोताच जाऊन राग घेऊन येते. त्याच्या तोडीचा आपला एकच शब्द मले सापडला, भेटते. नोकरी भेटते, बस भेटते, मासा भेटते, माणूस भेटते. फक्त तू भेटत नाई.

मग सरनं प्रत्येकाले आपल्या आयुष्यातलं खरं वाक्य कराले लावलं. प्रवीण म्हणाला, आय वॉन्ट टू गेट अ जॉब. भाग्यश्री म्हणाली, गेट मॅरिड, तं सारा क्लास खिदळला. माही पाळी आली तं माह्या तोंडून निघालं, आय गॉट वेट. सरनं खिडकीतून बाहेर पाह्यलं. आभाळात ढगाचा पत्ता नाई. विचारलं, कुठी भिजली? मी खाली बसली. ते कुठचं, हे मागून सांगते. आधी बाबाचं सांगू दे.

बाबाचा पाय तसाच आहे. पाळीवरून घसरले तवापासून जमिनीवर चालतात, पण गाळात पाय ठरत नाई. तुले फोनवर 'मी मस्त आहो' म्हणतात ना, ते खाटेवर बसून म्हणतात. मागच्या वर्षीही तसेच होते, म्हणूनच तुले मोठ्या ओढीले बोलावलं होतं.

तू पुण्यात राहून विसरला असशील, म्हणून लिहिते. मोठ्या ओढीच्या दिवशी सारं गाव मिळून तलावात जाळं ओढते, घरटी एक माणूस जाळ्याच्या दोरावर. ज्याची जागा त्याची, आज्या-पणज्यापासून. आपली चिंचेकडची, नाल्याच्या तोंडाशी, जिथी पाणी खोल. जो ओला झाला त्याचा वाटा पळसाच्या पानावर पाळीवर लागते. ज्या घरचा कोणी पाण्यात नाई त्याच्या घरी अर्धा वाटा पोचते, त्याले आपण कोरडा वाटा म्हणतो. विधवा बायाईसाठी, आंधळ्या-पांगळ्यासाठी केलेली सोय आहे, वाईट नाई. पण लागोपाठ दोन वर्षं कोरडा घेतला का दोरावरची जागा गेली. मग ती दुसऱ्या घराले.

मागच्या वर्षी तू येतो म्हटलं होतं. बाबा सकाळपासून पाळीवर बसून होते. बाजूचा जंगू आपल्या जागेवर सरकून राह्यला होता, बाबानं त्याले सरकू दिलं नाई. "माहा अमर येऊन राह्यला. त्याची जागा राहू द्या." लोकं कंबरभर पाण्यात उभे, ऊन डोक्यावर आलं, कोणी किती थांबन? शेवटी तशीच ओढ सुरू झाली. जिथी तू नव्हता तिथी जाळं उचललं गेलं अन् रोहू त्याच्या खालून निघून गेले. साऱ्या गावानं पाह्यलं. कोणी बाबाले शिवी दिली नाई, तेच वाईट झालं. तुहा मेसेज सांजले आला, गॉट स्टक, सॉरी. आता मले समजते, वाक्य एकदम बरोबर आहे. सर त्याले पूर्ण मार्क देतील.

कोरडा वाटा घरी आला. आईनं शिजवला. बाबानं मिठासोबत भात खाल्ला अन् उठले.

आता माहं वाक्य. भाऊ, मी क्लासले हप्त्यातून एकदाच जाते. बाकीचे दिवस बाबा पाळीवर बसतात अन् मी चिंचेकडून पाण्यात उतरते. टाच नाई टेकवाची, बोटं गाळात रोवाची. दोर हातानं नाई, कमरेनं धराचा. हे सारं बाबा बसल्या जागेवरून सांगतात, अन् चुकली तं काडी फेकून मारतात. त्या दिवशी क्लास असूनही उतरली होती, पाण्यातून निघाली अन् तशीच ओल्या केसानं बस धरली. क्लासमध्ये खरं वाक्य कर म्हटलं, तं माह्यापाशी दुसरं खरं काही नव्हतं.

जागा मागाले गुणवंतरावपाशी जाऊन आली मी. मले वाटलं होतं हाकलतील. तं म्हणाले, पोरगी जोर लावते, आम्ही पाह्यलं. पण भाऊ जिवंत असताना बहिणीनं त्याच्या जागेवर उभं राहाचं नसते. त्यानं आपल्या तोंडानं सोडली पायजे. काऊन म्हणून विचारलं, तं काय म्हणाले असतील? चालत आलं आहे.

म्हणून मी तुले फोन केला होता, आठवते? तू म्हणाला, सोड ना ते मासे, यू विल गेट अ गुड जॉब. मी म्हटलं, बरं, मग जागा सोडतो म्हण. तं म्हणाला, नको, बाबाले वाईट वाटन, पाहू. काय पाहू? माहं तं 'धरलं तर चावते, सोडलं तर पळते' होऊन बसलं आहे. तू येत नाई अन् सोडतही नाई. तुले जागा नाई पायजे, पण ती तुही आहे हे पायजे. हे तोंडावर म्हणाची हिंमत नव्हती, कागदावर म्हणते.

मले लय राग आहे तुह्यावर. तो आपोआप आला नाई, मीच जाऊन घेऊन आली, इंग्रजीसारखा.

क्लास मी सोडणार नाई, भेऊ नको. इंग्रजीशी माहं काही वाकडं नाई. मले नोकरीही पायजे अन् दोरही पायजे. दोन्ही गेटच्या बाजूले बसतात, सरले विचारून घेतलं.

ओढ पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी आहे. एक तं तू ये अन् पाण्यात उभा राह्य. आला तं मी खुशीनं पाळीवर बसून तुले काड्या मारीन. नाई तं गुणवंतरावले फोन कर अन् म्हण, माही जागा आता मयुरीची. एवढंच म्हण, त्याच्या मागं-पुढं काही जोडू नको. अन् दोन्ही केलं नाई, तरी मी उतरणार आहो. वाटा मले देवो का न देवो, हाकलतील तं हाकलतील. पण आपल्या जागेतून या वर्षी मासा जाणार नाई.

शेवटी मोठ्या माणसाईचा आशीर्वाद लिहाचा असते. आईचा आहे, नेहमीसारखा. बाबाले विचारलं, अमरले काय लिहू? त्याईनं चिंचेकडं बोट केलं. मग म्हणाले, "लिही, ओढीचा दोर भिजू घातला आहे."

कोणाच्या हातासाठी, ते मी विचारलं नाई.

चिंचेकडच्या जागेवरून,
तुही बहीण
मयुरी