एक कॅरेटच्या आतला हिरा

माझ्या हातांनी केलेल्या वस्तू अशा: डिंडोलीच्या घराचा माळा, जिन्यासह. मंगलाच्या शिलाई मशीनचे टेबल. हिरे घासायची घंटी, म्हणजे फिरते चाक, जुन्या मोटारीवर बसवलेले. आणि एक गोल हिरा, वजन चौऱ्याण्णव सेंट, म्हणजे कॅरेटला सहा कमी. पैलू सत्तावन्न. मोजून घ्यावेत.

मी, उत्तम धुडकू बोरसे, वय छप्पन्न, मूळचा अमळनेर तालुक्यातला, राहणार डिंडोली, सुरत, डोके ठिकाणावर असताना आणि कोणाचाही दाब नसताना हे मृत्युपत्र लिहीत आहे. शुक्रवारी माझ्या हृदयाची झडप बदलायची आहे. डॉक्टर म्हणतात, काळजीचे कारण नाही. तरी त्यांनी तीन ठिकाणी सह्या घेतल्या. हिऱ्याचे काम मला कोणी शिकवलेले नाही, मी बघून शिकलो. माझ्यामागे कोणी ‘उत्तमला मीच तयार केला’ म्हणत आला तर त्याला चहा द्यावा, खुर्ची देऊ नये.

एक. राहते घर पत्नी मंगलाबाई हिचे. माळा तिने खुशाल भाड्याने द्यावा, फक्त माझ्या मेहुण्याला नको. जिन्याची तिसरी पायरी उंच आहे असे तो चारचौघांत म्हणाला. त्याने मोजलेली नाही. मी मोजली आहे.

दोन. बँकेतली ठेव मंगलाबाई आणि मुलगी योगिता यांना निम्मी निम्मी.

तीन. घंटी, भिंग आणि चिमटे योगिताचे. ती कारखान्यात कॉम्प्युटरवर कच्च्या हिऱ्याची आखणी करते, पण आधी दगड हातात घेऊन बघते.

चार. आमच्या घरात कोणी हिरा विकत घेतला तर पुढील क्रम सोडू नये. पहिला कट. तळ बरोबर उतरवला असेल तर आत गेलेला उजेड डोळ्यात परत येतो. वजन राखायला तळ खोल ठेवला की उजेड खालूनच गळून जातो. मग रंग: हिरा पांढऱ्या कागदावर पालथा ठेवून, खिडकीपाशी, दिवसाच्या उजेडात. दुकानाच्या दिव्याखाली सगळेच गोरे दिसतात. मग डाग: भिंगातून दिसणारा चालेल, नुसत्या डोळ्यांना दिसणारा नको, कडेला पोचलेली चीर तर नकोच. वजन शेवटी. हिरा खाणीतला की प्रयोगशाळेतला, हे सर्टिफिकेटवरून कळते, म्हणून ते जरूर मागावे. पण हिरा बघून झाल्यावर वाचावे.

पाच. मुलगा गजेंद्र. तो वराछाच्या दुकानात दागिने विकतो. वर लिहिलेला हिरा चार वर्षांपूर्वी एक कॅरेट तीन सेंटवर होता, तेव्हा एक व्यापारी अडीच लाख देत होता. अट एवढीच की आता चाकाला लावायचा नाही. आकडा एकच्या खाली गेला की भाव पडतो, हे मलाही ठाऊक आहे. गजेंद्रला त्या पैशांतून स्वतःचे दुकान घ्यायचे होते. पण हिऱ्याचा तळ जाड होता, मधोमध काळोख दिसत होता. मी घासला. तो म्हणाला, “पप्पा, तुम्ही माझं दुकान चाकावर घासून टाकलं.” त्या दिवसापासून तो घरी आलेला नाही. मी चुकलो असे मी इथेही लिहिणार नाही.

मंगला रोज म्हणते, “तुमना हिरा पोऱ्यापेक्षा मोठा शे का?” ऑपरेशनचे त्याला कोणी कळवायचे यावरून आमचे भांडण चालू आहे.

सहा. गेल्या महिन्यात जयंतीभाई दलाल हा हिरा मागायला घरी आला. गिऱ्हाइकाच्या नावाची गरज नाही म्हणाला, पार्टी मोठी आहे. त्याने दिवा मागितला नाही, खिडकी उघडली आणि हिरा पांढऱ्या कागदावर पालथा ठेवला.

“ऐसा देखना किसने सिखाया?” मी विचारले.

“पार्टीने बोला है, काका. सर्टिफिकेट बाद में देखना, ऐसा भी बोला है.”

शेजारी ठेवून बघायला पार्टीने एक हिरा दिला होता, एक कॅरेटच्या वरचा. जयंतीभाईने खिशातून त्याची कागदी पुडी काढली. हिऱ्याच्या पुडीची घडी सगळ्या बाजारात एकाच बाजूने पडते. ही उलटी होती. गजेंद्र डावखुरा आहे. आठ वर्षांचा होता तेव्हा मीच त्याला पुडी बांधायला बसवले होते, आणि कितीही रागावलो तरी त्याची घडी उलटीच पडायची.

जयंतीभाईने दोन्ही हिरे सरळ केले आणि बराच वेळ बघितले. मग त्यांचा तो मोठा हिरा पुडीत टाकला आणि माझ्या हिऱ्याची किंमत बोलला. मी नाही म्हणालो.

“काका, आज के बाजार में इतना कोई नहीं देगा.”

“तेरी पार्टी को बोल, खुद आके देखे.”

अजून कोणी आलेले नाही. म्हणून लिहून ठेवतो: हिरा गजेंद्रचा. अट नाही. विकावा, ठेवावा, बायकोच्या अंगठीत बसवावा. योगिताला हे मान्य आहे, तिला विचारले आहे. तो हिरा मी त्याला विकणार नव्हतो, एवढेच.

नाकारलेली बोली: जयंतीभाई दलालामार्फत, चौऱ्याण्णव सेंटला, रुपये दोन लाख पंच्याहत्तर हजार.

ठिकाण: डिंडोली, सुरत. दिनांक: १२ जानेवारी २०२५.
सही: उत्तम धुडकू बोरसे
साक्षीदार, माझ्यासमोर सही केलेले: १. सरलाबाई देविदास महाजन, शेजारी. २. वैभव आत्माराम शिंपी, भेस्तान.